अनुबियासची वाटणी

चारकोप, १६ सप्टेंबर २०२४

चि. काशीराम,

इथे 'अनेक आशीर्वाद' लिहायला हवं. बाबा गिरणीतून गावी पत्र टाकायचे तेव्हा त्यांनी ते कधी चुकवलं नाही, संपाच्या काळातसुद्धा. मी या खेपेला गाळतोय. थोरल्याचा आशीर्वाद फुकट मिळत असला तरी घेणाऱ्याला तो हवा असला पाहिजे.

पत्र का, तर तू दुसरी सोयच ठेवली नाहीस. तुझा फोन एकदा वाजतो आणि बंद होतो. 'मूळ घर' ग्रुपवर शुक्रवारी सकाळी तू लिहिलंस की पुढच्या वर्षीपासून माझा गणपती वेगळा, मुलुंडला, आणि लगेच ग्रुप सोडलास. आता मी उत्तर द्यायचं कोणाला, भिंतीला? पोस्टमन अजून मुलुंडला जातो, म्हणून लिहायला बसलो.

झालं काय ते तुला माहीत आहे. पण तू ते मुलुंडला कसं सांगत असशील याचा मला भरवसा नाही, म्हणून एकदा माझ्याकडून ऐक. गौरी-गणपतीच्या विसर्जनाला मी दुपारीच पुढे गेलो, महापालिकेच्या कृत्रिम तलावावर टोकन घ्यायला. ठरलं होतं की तू मूर्ती घेऊन तीन जिने उतरायचंस, मागून तुझ्या शेवंतीवहिनीने आणि कुंदाने गौर घेऊन यायचं, आणि सगळ्यांनी रिक्षाने तलावावर पोचायचं. मूर्ती घरात आणायची आणि घरातून बाहेर काढायची ती धाकट्याने, पाण्यात शेवटची बुडी द्यायची ती थोरल्याने, ही आपली रीत. मी रांगेत उभा राहिलो. नंबर आला, मागच्यांना पुढे सोडलं. पुन्हा नंबर आला, पुन्हा सोडलं. फोन लावावा तर ढोल-ताशांत कोणाला काय ऐकू जाणार. गणपती न घेता विसर्जनाला आलेला सबंध चारकोपात मी एकटा. एका स्वयंसेवकाने विचारलं, काका, तुमचा बाप्पा कुठाय. म्हटलं, येतोय. दर वेळी म्हटलं, येतोय.

शेवटी घरी आलो, तर बाप्पा माझ्या माशांच्या टाकीत.

टाकीतल्या पाण्याचा चहा झालेला, दूध जास्त पडलेला. वर मुकुटाचं टोक तेवढं दिसत होतं आणि त्याच्याभोवती माझी एंजल माशांची जोडी तोंडं वर काढून हवा घेत होती. सकाळपर्यंत दोन्ही गेले. आणि तुम्ही सगळे पंचखाद्य खात बसला होतात. शेवंतीने सांगितलं की तू एकट्याने मूर्ती उचललीही नाहीस, एका बाजूने कुंदा आणि एका बाजूने तुझी श्रुतिका, असं तिघांनी मिळून सोडलीत. मी विचारलं, ह्या काय? तर तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "दादा, तुझ्या टाकीतला पाणी गंगेवानी आसा, तूच सांगतस मा?"

मग मी बोललो. हो, सगळ्यांसमोर बोललो, "तुझ्या हातान एक काम धड होणा नाय." त्याचं मला काही वाटत नाही. ज्याला तलावावर भुतासारखं उभं केलं त्याने एवढंही बोलू नये? तू न जेवता उठलास आणि गेलास. शेवंतीने तुझ्यासाठी काळ्या वाटाण्याची आमटी वेगळी काढून ठेवली होती. ती मी खाल्ली, आणि चवीने खाल्ली.

हे एवढंच असतं तर गिळलं असतं. पण या वर्षी तू प्रत्येक कामातून अंग काढून घेतलंस. मूर्तीच्या डोक्यावर माटवी टांगायची, तिच्या चौकटीला फळं-पानं बांधायची, हे बाबांच्या नंतर तुझं काम. या वर्षी ते पोरीला सांगून आपण खुर्चीत बसलास. ऐन आरतीत कवंडळाचं फळ सुटलं आणि मोदकांच्या ताटात पडलं. टाळ तू वाजवले नाहीस. देवासमोर खिशात हात घालून उभा राहिलास, एखादा पाव्हणा मंडप बघायला यावा तसा. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं की तुझं मन या गणपतीत राहिलेलं नाही.

आजोबांचा एक सागवानी पाट, त्या पाटावर एक गणपती, हे आपलं घर. भाऊ वेगळे राहिले, चुली वेगळ्या झाल्या, पाट एक राहिला. तो मोडायचा असेल तर तुझ्या तोंडाने माझ्यासमोर येऊन सांग. मोबाईलवर काय टाइप करतोस?

टाकी अजून गढूळ आहे. तो लाकडावर बांधलेला अनुबियास, माझं पाण्यातलं झाड, दिसतसुद्धा नाही. गेला असणार. कळवावं म्हणून कळवलं.

जयवंत

चारकोप, ५ ऑक्टोबर २०२४

काशीराम,

तुझं उत्तर मिळालं. तुझं म्हणजे कुंदाच्या अक्षरातलं. मी चार पानं माझ्या हाताने लिहितो आणि तू बायकोला मजकूर सांगतोस, साहेब स्टेनोला सांगतो तसा. मढच्या बंगल्यांवर शूटिंगचे सेट उभारणारा माणूस तू, तुला लिहायला कमीपणा वाटायला लागला का?

मजकूर तर त्याहून भारी. 'दादाच दरवर्षी सांगतो की तलावात शंभर गणपती एकमेकांवर पडलेले असतात, त्यापेक्षा माझ्या टाकीचं पाणी पवित्र.' म्हणतो मी. माणूस चार लोक जमले की काहीबाही बोलतो. शेवंतीचा चहा मुंबईत एक नंबर, असंही मी म्हणतो. म्हणून तू तिच्या चहात मूर्ती बुडवशील?

आणि खाली एक ओळ, की मुलुंडच्या सुताराकडे नवीन पाट करायला टाकला आहे. ती ओळ मी शेवंतीला वाचून दाखवली नाही.

आता टाकीचं ऐक. तुला ऐकायचं नसलं तरी तुझ्या कर्तबगारीचं काय झालं ते तुला कळलं पाहिजे. शाडू सगळा विरघळून तळाशी चार बोटं चिखल बसला. मी नळी लावून तो बाथरूममध्ये सोडणार, तर शेवंती दारात आडवी. देवाची माती गटारात जाऊ द्यायची नाही. मग काय, बादल्या भरभरून तीन जिने उतरायचे आणि सोसायटीच्या जास्वंदीला घालायचं. माझ्या गुडघ्यांची अवस्था तुला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी देवव्रत राणे वर आला, म्हणाला काका, बागेत चिखल कोण ओततं. मी म्हटलं, गणपती आहे तो. तो हात जोडून खाली गेला.

एवढा उपसा झाला तेव्हा कुठे अनुबियास दिसला. पानांवर मातीचा थर, भिंतीला गिलावा करावा तसा. शेवाळं तर नावालाही उरलं नव्हतं. मी जुन्या बनियनचा तुकडा घेतला आणि एकेक पान खालून तळहात लावून पुसलं. खाली पान हिरवंगार. एकालाही भोक नाही. जाड, चिवट, चामड्यासारखी पानं आहेत त्याची, तशीच्या तशी. कुर्ल्याच्या रविवारच्या बाजारात ज्याने मला तो विकला तो दाढीवाला तेव्हाच म्हणाला होता, "काका, इसको मारना चाहोगे तो भी नहीं मरेगा." मला वाटलं गिऱ्हाइकाला बनवतोय. उजेड कमी असला तरी चालतो, खत नको, काही नको. एकच अट, त्याचं जे आडवं खोड असतं, आपल्या आल्याच्या कुड्यासारखं, ते वाळूत पुरायचं नाही. दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधायचं. पुढे त्याची मुळंच लाकूड पकडतात आणि दोरा कुजून जातो.

मासे मेले आणि झाड जगलं. काही जणांच्या नशिबात असतं.

जयवंत

चारकोप, २२ डिसेंबर २०२४

काशीराम,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. आमच्या नितेशचा बहरिनहून फोन आला होता, विचारत होता की काका ग्रुपवर का नाहीत. मी म्हटलं, त्यांचा मोबाईल जुना झालाय. तुझ्यासाठी खोटं बोलायची मला सवय आहे, शाळेपासून.

अनुबियासला फूल आलं. पाण्याखाली, पांढरं, अंगठ्याएवढं. आपल्या परसात अळूला यायचं तसंच, एक पान वळवून मध्ये दांडी. शेवंती टाकीसमोर बसून बघत होती, म्हणाली हे अळूच्याच भावकीतलं दिसतंय. मी कुर्ल्याला जाऊन दाढीवाल्याला विचारलं तर तिचं बरोबर निघालं. तो म्हणाला, बारीक माती बसली असेल मुळाशी, ती याला लागली. म्हणजे तुझ्या गाढवपणाचा फायदा झाला तो एका झाडाला.

आणखी एक सांगितलं त्याने. खोड लांब झालं की ते मधोमध कापायचं, दोन्ही बाजूंना तीन-चार पानं ठेवून. दोन्ही तुकडे जगतात. मी घरी येईपर्यंत तेच डोक्यात. म्हटलं, याला वाटणीची हौस आहे ना, घे. नवं ब्लेड आणलं, गरम पाण्यातून काढलं आणि खोड मधोमध कापलं. जिवावर आलं माझ्या, खोटं कशाला सांगू. इतक्या वर्षांचं झाड.

तुझा वाटा श्रुतिकाबरोबर पाठवतोय. मालाडच्या ऑफिसातून परस्पर इथे आली होती. पोरगी बारीक झालीय, जेवायला घालत जा तिला. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात घातलंय. बरोबर एक चपटा दगड आहे आणि काळ्या दोऱ्याचं रीळ. खोड दगडावर ठेवायचं, दोरा दोन-तीन वेळा फिरवायचा आणि गाठ मारायची. पुरायचं नाही. परत लिहितो, पुरायचं नाही. टाकी नसेल तर काचेची बरणी चालेल. तुला नवीन गणपती बसवायचाय ना, त्याआधी एक झाड जगवून दाखव.

जयवंत

चारकोप, ९ फेब्रुवारी २०२५

काशीराम,

श्रुतिकाने फोटो पाठवला. मी चष्मा पुसून दोनदा बघितला.

पुरलंस. आल्यासारखं दिसलं म्हणून आल्यासारखं मातीत खोचलंस, वर पाणी घालून मोकळा झालास. पानं पिवळी पडलीत. खोड बोटाने दाबलं तर मऊ लागतं, असं पोरगी म्हणते. म्हणजे आतून सडलंय. ज्या झाडावर अख्खा गणपती विरघळला तरी जे मेलं नाही, ते तू मुलुंडच्या खिडकीत एका हिवाळ्यात मारून दाखवलंस. जगात एकाच प्रकाराने ते मरतं, आणि मी दोनदा लिहिलं होतं की तसं करू नको.

तुला दोन वेढे देऊन एक गाठ मारता आली नाही? दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर मी समजलो असतो. तू? मढला समुद्रावरच्या वाऱ्यात तू बांधलेल्या ताडपत्र्या हलत नसत. चाळीस फुटी बांबूंच्या चौकटी तू काथ्याने बांधायचास आणि त्यावर लाइटवाले चढायचे, त्यांचा जीव तुझ्या गाठीवर असायचा. कामं मिळत नाहीत म्हणून मढ सोडलं असं तू सांगितलंस, मी मानलं. आता मला वाटतं तू आळसाने सोडलंस. तू गणपती मोडलास, ग्रुप मोडलास, आणि आता एक मुकं झाड दिलं तर तेही दोऱ्याच्या एका गाठीसाठी मारलंस. तुला माझ्याकडचं काहीच नको आहे, एवढंच मला यातून कळलं.

मूर्तीकाराचा माणूस विचारत होता, यंदा वर मूर्ती घडवायला पाट कधी देणार. मी म्हटलं, बघतो. आजोबांचा पाट माळ्यावरून काढलाय आणि पुसून भिंतीला टेकवून ठेवलाय. तुझा नवा पाट तयार झाला असेल. शिसवी आहे की प्लायवुड?

यापुढे पत्र लिहिणार नाही.

जयवंत

चारकोप, २ मार्च २०२५

काशीराम,

श्रुतिका आली होती. शेवंतीने घावणे केले, ती एकही धड खाईना. मी तिला झाडावरून बोलत होतो. तुला जे लिहिलं तेच, जरा जास्त. ती ऐकत होती. मग म्हणाली, "मोठे काका, बाबांना दोरा बांधता येत नाही."

मी म्हटलं, बांधायचा नाही असं म्हण.

"येत नाही. शर्टाची बटणंपण आई लावते."

मग तिने सगळं सांगितलं. कंपवात. दोन वर्षं झाली. मढचं काम आटलं नव्हतं, तुझी गाठ सुटली होती आणि एक दिवा खाली आला होता. कोणाला लागलं नाही, पण तू दुसऱ्या दिवसापासून गेला नाहीस. हात खिशात का होते, टाळ का वाजवले नाहीस, माटवी पोरीला का सांगितलीस, पत्र कुंदाच्या अक्षरात का. आणि त्या दिवशी तू मूर्ती उचलायला गेलास आणि हात हलायला लागले, आणि पुढे तीन जिने होते. श्रुतिका म्हणाली, मी घेते. तू म्हणालास, दादा काय म्हणेल. खाली रिक्षा येऊन उभी होती. तू टाकीकडे बघितलंस, मखरापासून ती चार पावलांवर.

तुला वाटत असेल आता मी लिहीन की मला वाईट वाटलं. मला राग आलाय काशी. आयुष्यात आला नव्हता इतका. कुंदाला माहीत, पोरीला माहीत, मुलुंडच्या डॉक्टरला माहीत, त्याच्या कंपाउंडरला माहीत. शेवंतीलासुद्धा अंदाज होता, तू गणपतीत चहा अर्धाच कप मागत होतास म्हणे, सांडू नये म्हणून. सगळ्यांना कळलं आणि एका मला नाही. मी कोण आहे तुझा? मूर्खासारखा मी टोकन हातात धरून म्हणत राहिलो, येतोय, येतोय.

दादा काय म्हणेल. दादा कटकट करणार होता. पोरीने मूर्ती उचलली असती तर मी आधी नाक मुरडलं असतं, मग जिना उतरेपर्यंत तिला सांभाळ-सांभाळ करून हैराण केलं असतं. मी प्रत्येक गोष्टीला कटकट करतो, त्याने कोणी मेलंय? तू माझ्या कटकटीला एवढा घाबरलास की मला बावळट बनवणं तुला सोपं वाटलं.

तुझ्या हाताबद्दल मी जे बोललो ते परत घेतो. माफी मागत नाही. मला माहीत नव्हतं, आणि ते माहीत नसणं हा तुझा गुन्हा आहे. पण ते वाक्य मी परत घेतो. सगळ्यांसमोर बोललो होतो, तर सगळ्यांसमोर घेईन.

शेवंती म्हणते माझे डोळे लाल झालेत. राग आला की होतात, तुला माहीत आहे.

त्या झाडाचं जे काय उरलं असेल ते श्रुतिकाबरोबर पाठव. टाकून देऊ नको.

जयवंत

चारकोप, १५ जून २०२५

चि. काशीराम,

झाडाचं आधी. श्रुतिकाने आणलं तेव्हा नाकाला रुमाल लावावा लागला. मऊ झालेला भाग मी ब्लेडने कापत गेलो, कापत गेलो, शेवटी सुपारीएवढा कडक तुकडा हाताला लागला. त्याला एक पान, तेही अर्धं. मी ते दगडाला बांधलं, तू परत पाठवलेल्या त्याच दगडाला, त्याच काळ्या दोऱ्याने, आणि टाकीत त्याच्या दुसऱ्या अर्ध्याशेजारी ठेवलं. दोन-तीन महिने काही नाही. परवा शेवंतीने हाक मारली. पोपटी रंगाची एक सुरळी वर आलीय, सुईएवढी. उलगडेल सावकाश. याला घाई नसते.

आता तुझ्या पत्राचं. या वेळी तुझं अक्षर होतं. मी पाकीट फोडलं आणि आधी मला कळलंच नाही की कोणाचं आहे. मुंग्यांच्या रांगेएवढं बारीक. तू शाळेत पाटीवर एवढं मोठं काढायचास की चार शब्दांत पाटी संपायची. दोन ओळी लिहायला तुला किती वेळ लागला असेल ते मी विचारणार नाही. ओळी मला पाठ झाल्यात. 'दादा, मूर्त माझ्या हातात देऊ नको. पडली तर मी जगाचंय नाय. म्हणान वेगळो करतंय, रागान नाय.'

म्हणजे तुझा वेगळा गणपती माझ्या रागावर नव्हताच. मुलुंडला तळमजल्यावर वीतभर मूर्ती, कोणी न्यायची नाही, कोणी आणायची नाही, बालदीत सोडली की झालं, आणि हात कोणी बघायचे नाहीत. मोठा विचार केलास. आणि इथे मी, शेवंती, आणि माटवीला नारळ बांधायला कोण? सेक्रेटरी राणे? देवाने तुझे हात हलवले म्हणून तू देवापासून लपणार, आणि भावापासून लपणार, आणि मुलुंडच्या कोपऱ्यात बालदी घेऊन बसणार. बाबांना गिरणीत बोटं गेल्यावर ते आरतीला मागे उभे राहिले होते का? तीन बोटांनी टाळ वाजवले त्यांनी. ताल चुकायचा, आपण दोघं हसायचो, तेही हसायचे.

मला या पत्राचं उत्तर नको. विचार कर एवढंच. नागपंचमीपर्यंत मूर्तीकार पाट घेतो, त्यानंतर घेत नाही.

जयवंत

चारकोप, २५ जुलै २०२५

चि. काशीराम यास अनेक आशीर्वाद.

श्रुतिका सांगते तुझं अजून ठरत नाही. तुझं ठरायची वाट बघितली तर दिवाळी येईल, म्हणून मी ठरवलंय. मला कटकट्या म्हण, हुकूमशहा म्हण, कुंदाला सांगून उत्तर लिहव, चालेल.

यंदा मी टोकन घेणार नाही. तलावावर एकटा उभा राहायची माझी हौस फिटली. आपलं विसर्जन टाकीत. मागच्या वर्षी तू केलंस ते विचारून केलं असतंस तर मीच म्हटलं असतं की बरोबर आहे, पण ते आता सोड. नवे मासे आदल्या दिवशी ड्रममध्ये जातील, पंप लावून. पाणी नवीन भरेन. अनुबियास दोन्ही तिथेच राहतील. मोठा एकदा अनुभवी झालाय, धाकट्याचं पान आता रुपयाएवढं झालंय, त्याला पोपटी दुसरी सुरळी आलीय. शाडू बसला की पुसायचा, पान खालून धरून. तो मान मी तुला देतो, मऊ फडक्याने काम आहे आणि हात हलला तर उलट चांगलं निघतं.

मूर्ती श्रुतिका आणणार. मी तिच्या पुढे चालून सांभाळ-सांभाळ करणार, त्याची तिला आधी कल्पना दे. बुडी देताना सगळ्यांचे हात लागतील, माझे खाली. कोणाचा हात हलतोय ते पाण्यात दिसत नाही, आणि दिसलं तर दिसू दे. माटवी मी बांधणार. तू खुर्चीत बसून मला शिव्या घालायच्यास, गाठ इथे नको, तिथे मार, असं सांगायचंस. कवंडळ पडलं तर माझ्या नावावर. टाळ तुला वाजवायचे असतील तर वाजव, ताल चुकला तर हसायला मी आहे.

तुझा नवा पाट वाया जाणार नाही. त्यावर बसून तू जेवशील. शेवंतीने काळे वाटाणे आत्ताच आणून ठेवलेत, आणि मागच्या वर्षीची आमटी मी खाल्ली हे तिला अजून पचलेलं नाही.

आता मुख्य. या पत्राबरोबर श्रुतिकाच्या पिशवीत आजोबांचा पाट आहे. दचकू नको. तो तुला वाटणीत दिलेला नाही. मंगळवारी नागपंचमी, त्याआधी तो इथल्या मूर्तीकाराकडे पोचायला हवा. मी नेणार नाही, माझे गुडघे दुखतात. नितेश बहरिनला. म्हणजे या घरात यंदा गणपती यायचा असेल तर तो पाट तुला मुलुंडहून चारकोपला स्वतःच्या हाताने आणावा लागेल. घरात आणायचं काम धाकट्याचं, ही रीत आहे, आणि ती मी मोडू देणार नाही.

हातांची काळजी करू नको. सागवानी आहे. पडला तरी फुटत नाही.

तुझा दादा